फरक कोण भरणार? ‘बेसिक रेट’ची जुनी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोलण्यातली काही वाक्यं मुद्दाम तशीच ठेवली आहेत.

आजचा इतिहास आमच्या घरच्या एका कोटेशनपासून सुरू होतो. मग आपण थेट अमेरिकेत जाणार आहोत, व्हाइट हाउसमध्ये. एकाच घराच्या तीन रिनोव्हेशनच्या गोष्टी आहेत. मधे थोडा वेळ दोन हजार वर्षं मागे. आणि शेवटी परत कल्याणला, आईच्या ओट्यापाशी. थांबा माझ्यासोबत.

तर कल्याणला आमचा टू-बीएचके आहे. बाबांनी १९९८ साली घेतलेला. मागच्या वर्षी बाबा रिटायर झाले आणि घर एकदाचं नवं करून घ्यायचं ठरलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे घरच्यांच्या मते एक्सेल येणारा माणूस, त्यामुळे हिशेब माझ्याकडे आला. कॉन्ट्रॅक्टर काकांनी दीड पानाचं कोटेशन दिलं. एकूण ८ लाख ४० हजार. त्यात खाली चार ओळी होत्या: टाइल्स, बेसिक रेट ५५ रुपये स्क्वेअर फूट. नळ, शॉवर, कमोड वगैरे, प्रत्येक बाथरूमला ३५ हजार. किचनच्या ट्रॉल्या, सिंक आणि चिमणी मिळून ९० हजार. लाइट आणि पंखे २५ हजार.

मी या ओळी वाचल्या होत्या बरं का. फक्त मला ते भाव वाटले. नंतर कळलं, त्या रिकाम्या जागा होत्या.

बेसिक रेट म्हणजे काय, तर ज्या वस्तू अजून निवडल्याच नाहीत त्यांच्यासाठी धरून ठेवलेली रक्कम. भिंत फोडायला किती लागेल हे काका सांगू शकतात. पण तुम्ही कुठला नळ पसंत करणार हे त्यांना कसं कळणार? म्हणून ते एक आकडा टाकतात आणि पुढे जातात. आमच्या कोडिंगमध्ये याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. युजरने काही निवडेपर्यंत प्रोग्राम अडू नये म्हणून भरलेली किंमत. आता गंमत अशी, की डिफॉल्ट व्हॅल्यू कोणी बदलली नाही तर सगळं सुरळीत चालतं. आणि घराच्या कामात ती प्रत्येक जण बदलतो.

मग प्रश्न उरतो एकच: धरलेली रक्कम आणि खरं बिल यांच्यातला फरक कोण भरणार? आजच्या सगळ्या गोष्टी या एका प्रश्नाभोवती आहेत.

१८६१: वीस हजारांची मर्यादा

मार्च १८६१ मध्ये अब्राहम लिंकन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि कुटुंब व्हाइट हाउसमध्ये राहायला आलं. घराची अवस्था वाईट होती. गालिचे झिजलेले, फर्निचर मोडकं, भांड्यांचे सेट अर्धेमुर्धे. नव्या अध्यक्षाला घर नीट करण्यासाठी तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, पैसे देत असे. या वेळी रक्कम होती २०,००० डॉलर. चार वर्षांसाठी. अध्यक्षांचा वर्षाचा पगार तेव्हा २५,००० डॉलर होता, त्यावरून ही रक्कम केवढी मोठी होती याचा अंदाज येईल.

अध्यक्षांच्या पत्नी मेरी लिंकन यांनी काम हातात घेतलं. त्या न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला खरेदीला गेल्या. न्यूयॉर्कच्या हॉवट कंपनीकडून जांभळट किनारीचा चिनी मातीचा डिनर सेट घेतला, त्याचेच तीन हजार डॉलरहून जास्त झाले. फिलाडेल्फियाच्या कॅरिल नावाच्या दुकानदाराकडून नक्षीदार रोझवुडचा भला मोठा पलंग आला. पॅरिसचा वॉलपेपर आला, गालिचे आले, पडदे आले.

एकेक वस्तू बघितली तर प्रत्येकीला कारण होतं. देश फुटायच्या बेतात होता, परदेशी वकील घरी येणार होते, त्यांना फाटक्या गालिच्यावरून कसं चालवायचं? पण वर्ष संपता संपता बिलांची बेरीज झाली आणि वीस हजारांच्या वर सहा हजार डॉलरहून जास्त खर्च निघाला. चार वर्षांचे पैसे पहिल्याच वर्षात संपले, वर तीस टक्क्यांहून अधिक.

आता हे नवऱ्याला सांगायचं कोणी? सरकारी इमारतींचं काम बघणारे बेंजामिन फ्रेंच नावाचे कमिशनर होते. मेरीबाईंनी त्यांना गळ घातली, की तुम्हीच अध्यक्षांशी बोला आणि त्यांना सांगा की अशा कामात मंजूर रकमेच्या वर खर्च जाणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. हे सगळं फ्रेंच यांनीच लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला माहीत आहे.

‘सगळ्यांचंच वर जातं हो!’ मंडळी, हे वाक्य तुम्ही कुठे तरी ऐकलंय ना? मी आमच्याच हॉलमध्ये ऐकलंय, सिमेंटच्या गोणीवर बसून.

लिंकन भडकले. बाहेर यादवी युद्ध पेटलं होतं. सैनिकांना पांघरायला ब्लँकेट मिळत नसताना या घरावर मंजूर रकमेच्या वर खर्च झाला हे लोकांना कळलं तर काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. या बिलावर मी सही करणार नाही, वेळ पडली तर पैसे स्वतःच्या खिशातून भरीन, असं ते फ्रेंच यांना म्हणाले. प्रत्यक्षात ती वेळ आली नाही. काँग्रेसने फारसा गाजावाजा न करता जादा रक्कम मंजूर केली. म्हणजे फरक भरला लोकांच्या करातून.

त्या पलंगाचं काय झालं? लिंकन स्वतः त्यावर क्वचितच झोपले असतील. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्यांचा मुलगा विली आजारी पडून वारला, तो याच पलंगावर, असं सांगतात. तो पलंग आजही व्हाइट हाउसमध्ये आहे. हिशेबाच्या वहीत ती एक महागडी वस्तू होती. पुढे त्या बाईंना तो पलंग बघताना काय वाटत असेल, याला वहीत रकाना नसतो.

इफेससचा नियम

आता जरा मागे जाऊ. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद होता. त्याने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. दहाव्या भागाच्या सुरुवातीलाच तो इफेसस शहराच्या एका जुन्या कायद्याबद्दल सांगतो. इफेसस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं एक ग्रीक शहर.

कायदा असा: सार्वजनिक बांधकाम घेणाऱ्या वास्तुविशारदाने आधी खर्चाचा अंदाज द्यायचा. अंदाज अधिकाऱ्यांकडे जमा व्हायचा आणि काम पूर्ण होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहायची. काम अंदाजात बसलं तर त्याचा सन्मान. खर्च अंदाजाच्या एक चतुर्थांशापर्यंत वर गेला तर जादा पैसे शहराच्या खजिन्यातून, त्याला काही दंड नाही. पण त्याच्याही वर गेला, तर वरचे सगळे पैसे त्याच्या मालमत्तेतून वसूल!

व्हिट्रुव्हियस म्हणतो, हा कायदा रोममध्येही असता तर किती बरं झालं असतं, आणि तोही नुसता सार्वजनिक इमारतींना नाही, खासगी घरांनाही.

मला या कायद्यातली शिक्षा तेवढी महत्त्वाची वाटत नाही. त्यात एक समजूतदारपणा आहे तो बघा. अंदाज चुकणार हे त्या लोकांनी धरलेलंच होतं. पंचवीस टक्क्यांपर्यंत चुकला तर चालेल, एवढंच नव्हे तर ते पैसे कोण देणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. त्याच्या पुढचे कोण देणार हेही ठरलेलं. भांडणाला जागाच नाही. आणि सहज हिशेब करून बघा, मेरी लिंकनचा खर्च इफेससच्या मर्यादेतही बसला नसता. वीस हजारांचे पंचवीस टक्के म्हणजे पाच हजार. त्या सहाच्या पुढे गेल्या होत्या.

१९४८ ते १९५२: शेवटी येतो तो मार खातो

परत व्हाइट हाउस. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीच्या, मार्गारेटच्या पियानोचा पाय जमिनीत घुसला. खालच्या खोलीच्या छताचं प्लास्टर फुटलं. तपासणी केली तर घराचे जुने लाकडी वासे इतके कमकुवत झाले होते, की इंजिनिअरांनी कुटुंबाला बाहेर पडायला सांगितलं. वर्षानुवर्षं नळ, वायरी आणि पाइप टाकण्यासाठी त्याच वाशांना भोकं पाडली गेली होती.

काँग्रेसने ५४ लाख डॉलर मंजूर केले. बाहेरच्या दगडी भिंती तशाच ठेवून आतलं सगळं घर काढून टाकलं आणि नव्याने स्टीलचा सांगाडा उभा केला. भिंतीला मोठं भगदाड पाडायला ट्रुमन यांची तयारी नव्हती, म्हणून बुलडोझर सुटा करून आत नेला आणि आत परत जोडला. सोसायटीच्या लिफ्टमधून सोफा नेता येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं. सामानाचा तुटवडा, भाववाढ, उशीर. खर्च ५७ लाखांच्या पुढे गेला. मार्च १९५२ मध्ये ट्रुमन कुटुंब परत आलं तेव्हा पाया मजबूत, सांगाडा मजबूत, पाइप नवे. आणि फर्निचर? त्यासाठी फारसे पैसे उरलेच नव्हते. शेवटी न्यूयॉर्कच्या बी. अल्टमन या डिपार्टमेंट स्टोअरने नफा न घेता घर सजवून दिलं, त्यात बराचसा भाग जुन्या शैलीच्या नव्या नकलांचा. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध घरांपैकी एक, आणि आत दुकानातला तयार माल.

इथे कोणाची उधळपट्टी नव्हती. मेरी लिंकनची गोष्ट वेगळी, ही वेगळी. इथे क्रमाने घात केला. आधी पाया, मग सांगाडा, मग पाइप, मग प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी सामान. वरच्या प्रत्येक टप्प्याने थोडं थोडं जास्त खाल्लं आणि जो टप्पा शेवटी आला त्याच्या ताटात उरलं नाही. यात वाढीव खर्च ‘वाढीव’ म्हणून दिसतही नाही. शेवटची वस्तू गुपचूप स्वस्तातली येते आणि सगळे म्हणतात, चला, बजेटमध्ये बसलं.

आमचं किचन

आता कल्याण. हे सांगायला जरा जड जातंय, पण सांगतो.

टाइल्स निवडायला मी गेलो. दुकानात ५५ रुपयांच्या टाइल्स एका कोपऱ्यात आणि दर्शनी भागात ९२ रुपयांच्या, दोन बाय चार फुटांच्या. घेतल्या. फरक ३७ रुपये, गुणिले ६२० स्क्वेअर फूट, म्हणजे २२,९४०. मोठ्या टाइल्स बसवायला लेबर स्क्वेअर फुटाला २५ रुपये जास्त, हे दुकानदार सांगत नाही आणि बेसिक रेटमध्ये ते धरलेलं नसतं. त्याचे १५,५००. बाथरूममध्ये भिंतीवर टांगलेला कमोड, भिंतीत लपवलेली टाकी, गरम-गार पाण्याचा डायव्हर्टर. दोन बाथरूमचे धरले होते ७० हजार, झाले १ लाख १८ हजार. फरक ४८,०००.

सगळा मिळून फरक ८६,४४०. बाबांनी अडीअडचणीला ४० हजार बाजूला ठेवले होते, ते गेले. उरले ४६,४४०. बाबा म्हणाले, “पीएफच्या पैशाला मी हात लावणार नाही.” बरोबर होतं त्यांचं.

आणि किचन शेवटी होतं.

किचनचे ९० हजार होते त्यातले ४६,४४० कमी झाले. हातात राहिले ४३,५६०. त्यात चिमणी आली, एक छोटं सिंक आलं आणि ट्रॉल्या फक्त गॅसखाली. ओट्याखालचा बाकी भाग जुनाच, दारं उघडून आत वाकायचं. आईला पूर्ण ओटाभर ट्रॉल्या हव्या होत्या. शोभेसाठी नाही, तिचे गुडघे दुखतात. पिठाचा डबा मागून ओढायला तिला जमिनीवर बसावं लागतं. आणि मोठं पातेलं मावेल असं खोल सिंक, एवढंच तिने मागितलं होतं.

ती म्हणाली, “राहू दे रे. इतकी वर्षं वाकलेच ना.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या एक्सेलमध्ये एकूण आकडा हिरव्या रंगात होता, बजेटमध्ये होता. पण फरक भरला गेला होता. तो आईने भरला होता, गुडघ्यांनी. कमोड मी निवडला, बिल तिच्याकडे गेलं आणि शीटमध्ये ते कुठेच दिसत नव्हतं.

१९६१: माळ्यावर काय आहे?

तिसरी गोष्ट, त्याच व्हाइट हाउसची. मेरी लिंकननंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, जॅकलिन केनेडी त्या घरात आल्या. त्यांना सजावटीसाठी ५०,००० डॉलर मिळाले होते. कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्यांवरच ते काही दिवसांत संपले. म्हणजे सुरुवात अगदी मेरीबाईंसारखीच!

पण पुढे त्यांनी वेगळं केलं. एक म्हणजे, घरात आणि गोदामांत आधीपासून काय पडून आहे ते शोधून काढलं. ‘रेझोल्यूट’ नावाचं प्रसिद्ध जुनं टेबल असंच घरातल्या घरात दुर्लक्षित पडलेलं सापडलं, ते अध्यक्षांच्या ऑफिसात गेलं. दुसरं, जाणकारांची समिती नेमली आणि लोकांकडून जुन्या वस्तू देणगी म्हणून मिळवल्या. तिसरं, नोव्हेंबर १९६१ मध्ये व्हाइट हाउस हिस्टॉरिकल असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी ४ जुलैला घराची माहितीपुस्तिका एक डॉलरला विक्रीला आली. तिच्या उत्पन्नातून वस्तू घेता येऊ लागल्या. फरक कोण भरणार, याला त्यांनी नवं उत्तर शोधलं: ज्यांना हे घर बघायला आवडतं ते, आपल्या खुशीने.

आपल्याकडे पुस्तिका विकायची सोय नाही. पण माळा आहे. आम्ही पंखे बदलणार होतो, पाच पंखे उत्तम चालत होते. पुसून, रंग देऊन परत लावले. लाइट-पंख्यांच्या २५ हजारांतले ११ हजार सुटले. उरले ३५,४४०. ते मी दिवाळीच्या बोनसमधून भरले. हे दान नाही हं. वरच्या मर्यादेपुढचा खर्च ज्याच्या निवडीमुळे झाला त्याने भरायचा, हा इफेससचा नियम आहे. जरा उशिरा लागू झाला, इतकंच.

कागदावर काय असतं?

जाता जाता एक गोष्ट महाराष्ट्राची. फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरने घरात कुठली फिटिंग आणि सोयी देणार हे ग्राहकाला उघड सांगितलंच पाहिजे, अशी तरतूद आपल्याकडे १९६३ च्या मोफा कायद्यात आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर महाराष्ट्राच्या नियमांत जो नमुना करारनामा आला, त्यात फ्लोअरिंग आणि सॅनिटरी फिटिंगचा ब्रँड किंवा ब्रँड नसेल तर किमतीची रेंज परिशिष्टात लिहायची जागा आहे. म्हणजे ‘उत्तम दर्जाचे नळ’ एवढ्यावर भागत नाही.

पण हे नव्या फ्लॅटसाठी. तुमच्या घराची दुरुस्ती करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर काकांच्या दीड पानाला असा नमुना नाही. तो आपणच करायचा. मी आता मित्रांना सांगतो ते असं. कोटेशनवर सही करण्याआधी एक दिवस दुकानात जा आणि प्रत्येक बेसिक रेटमध्ये नक्की काय मिळतं ते डोळ्यांनी बघा. जीएसटी धरलाय का, भाडं-हमाली धरलीय का, तुटफूट धरलीय का, मोठी टाइल घेतली तर लेबर किती वाढेल, हे विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. वस्तू स्वस्त घेतली तर उरलेले पैसे परत मिळणार का, हेही विचारा. त्या प्रश्नाला बरेच काका हसतात, तरी विचारा. आणि ज्या खोलीचं काम शेवटी होणार आहे, तिथल्या वस्तू सगळ्यात आधी निवडा. पैसे वेगळे काढून ठेवा. त्यांना हात लावायचा नाही.

आणि घरात सगळे बसलेले असताना एक वाक्य मोठ्याने बोला: वर गेलं तर कोण भरणार? पहिल्या दिवशी हा प्रश्न फक्त पैशाचा असतो. शेवटच्या दिवशी तो नात्याचा होतो.

आमच्या ट्रॉल्या डिसेंबरमध्ये बसल्या. सिंक पण बदललं. मी आईला विचारलं, कसं वाटतंय? तिने पिठाची ट्रॉली दोनदा उघडून बंद केली आणि म्हणाली, “आवाज नाही येत.” मग तिसऱ्यांदा उघडली.

आजच्या एपिसोडमध्ये एवढंच. तुमच्या घराच्या कामात फरक कोणी भरला, हे मला नक्की कळवा. पैशांनी भरला असेल तरी, आणि नसेल तर जास्तच. भेटूया पुढच्या रविवारी!